कोडोलीच्या उसावरचा वाद

अहो, आपला वाद अर्धाच राहिला. तुम्ही निघून गेलात म्हणून तो तुम्ही जिंकलात असं मी धरत नाही, आणि मी मागे उरले म्हणून मी जिंकले असंही नाही. गेल्या उन्हाळ्यात कोडोलीच्या उसात जे घुसलं तो टोर्नेडो होता, की ढगातून सरळ खाली कोसळलेलं वारं, यावर आपण जवळजवळ वर्षभर भांडलो. जेवताना भांडलो, कळंब्याच्या तलावाकाठी फिरताना भांडलो, दवाखान्यात तुमच्या हाताला सलाईन असतानाही भांडलो. नर्स आत येऊन म्हणाली, "काका, जरा हळू बोला," तर तुम्ही तिलाच पंच केलंत. "तूच सांग बाई. दोन्ही अंगचा ऊस आत पडलाय. मग वारं सरळ हुतं का गोल?" ती बिचारी सलाईनचे थेंब बघत म्हणाली, "आमच्या गावाकडं द्राक्षं असतात."

सध्या घरी भेटायला माणसं येतात आणि तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात. शिरोलीच्या फाउंड्रीतली मंडळी आली होती. "साहेबांनी कधी आवाज चढवला नाही," म्हणाली. मी मान हलवली. भट्टीच्या घरघराटात तुमचा आवाज त्यांना ऐकू गेला नसेल, एवढंच मनात आलं. तुमचं शिक्षण, नोकरी, बढत्या हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकून झालं, ते मी इथं पुन्हा लिहीत बसत नाही. मला तुमच्याशी बोलायचंय. आणि आपलं बोलणं सुरू व्हायचं ते ढगापासूनच.

तुम्ही मला बघायला आलात तेव्हासुद्धा तसंच झालं. बाबांनी अभिमानानं सांगितलं, मुलगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, शिवाय संशोधन करते. तुमच्या मामांनी "बरं बरं" म्हणून स्वयंपाकाची चौकशी केली. तुम्ही मात्र पोह्यांची बशी खाली ठेवलीत आणि विचारलंत, "संशोधन कशावर?"

"वळवाच्या ढगांवर. उपग्रहाच्या चित्रांवरून."

"म्हंजे ढगाकडं तुमी वरनं बघता?"

"हो."

"आन् वरनं काय दिसतं?"

इतका सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. लाजायचं विसरून मी बोलत सुटले. ढग जितका उंच चढतो तितका त्याचा माथा थंड होतो, उपग्रह ती थंडी मोजतो. चढता चढता एका उंचीवर हवेचं छत लागतं, मग ढग आडवा पसरतो आणि त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट होतो. पण आतून वर येणारी हवा फारच जोरात असेल तर ती तो सपाट माथा फोडून वर येते, घुमट उठतो. असा घुमट दिसला की खाली गारा, विजा, झाडं मोडणारं वारं, असं काहीतरी चाललेलं असण्याची शक्यता असते.

"असतं का, शक्यता असते?"

"शक्यता असते. खाली काय चाललंय ते उपग्रहाला दिसत नाही. मध्ये ढगच असतो ना."

"मग ते मी बघून सांगतो की," तुम्ही म्हणालात. मामांना ठसका लागला. आत आई कपाळाला हात लावून बसली होती, आणि मी मात्र ठरवून मोकळी झाले होते.

तेव्हा ती चित्रं पुण्याहून कित्येक दिवसांनी हाती यायची, धुरकट, भिंगाखाली धरून बघायची. आता आपल्या उपग्रहाचं चित्र अर्ध्या-अर्ध्या तासानं घरच्या कॉम्प्युटरवर उमटतं. तंत्र कितीही बदललं तरी माझं काम तेच राहिलं. वर कसला माथा दिसला तेव्हा खाली काय झालं, याच्या जोड्या लावायच्या. माथ्याचा भाग माझा आणि पायाचा भाग तुमचा, ही वाटणी आपण कधी बोलून केली नाही. आठवडाभर तुम्ही लोखंड वितळवायचात आणि रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून, पुढे मोटार आल्यावर शेजारी बसवून, जिथं वळीव झोडपून गेलाय तिथल्या शेतात घेऊन जायचात.

मी एकदा गडहिंग्लजच्या बाजूला एका शेतकऱ्याला विचारलं होतं, "वाऱ्याची दिशा कोणती होती?" तो म्हणाला, "लई वारं हुतं, मॅडम." मी तेच तीनदा विचारलं, त्यानं तेच तीनदा सांगितलं. मग तुम्ही बांधावरून हाक मारलीत, "ओ पावणं, गोठ्यावरलं पत्रं कुठं घावलं?" त्या माणसाचा चेहराच खुलला. पत्रं चिंचेपाशी घावलं, म्हैस दावं तोडून ओढ्याकडं पळाली, कणगी उलटी आपटली, सगळं त्यानं हातवारे करून दाखवलं. मला हवं होतं ते त्या हातवाऱ्यांत होतं. नंतर तुम्ही तासभर त्या म्हशीच्या दुधाबद्दल बोलत बसलात आणि मी गाडीत बसून चिडत राहिले. चहा आला तेव्हा मात्र दोन कप प्याले. त्या रविवारांनी मला किती सुखात ठेवलं ते आता कळतंय असं मी म्हणणार नाही. तेव्हाही कळत होतं. म्हणूनच तर दर शनिवारी मी तुमच्या आधी उन्हाची टोपी शोधून ठेवायची.

आणि मग गेल्या उन्हाळ्यातलं ते लग्न.

तुमचा चुलतभाऊ तानाजी, त्याच्या प्राजक्ताचं लग्न कोडोलीला होतं. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात भला मोठा मंडप. माझा पाय मुरगळला होता म्हणून मी कळंब्यातच राहिले आणि तुम्ही एकटे पुढे झालात. दुपारी मी सवयीनं चित्र उघडलं. शाहूवाडीच्या अंगाला एक ढग होता, साधाच. पुढचं चित्र आलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. ऐरण पसरली होती आणि तिच्या मधोमध घुमट उठला होता, आजूबाजूच्या माथ्यापेक्षा कितीतरी थंड. उपग्रह विषुववृत्तावरून आपल्याकडं तिरका बघतो, त्यामुळं उंच ढगाचा माथा चित्रात असतो त्याहून पाच-सहा किलोमीटर उत्तरेला दिसतो. तेवढा मी खाली सरकवून पाहिला. ढगाची वाट कोडोलीवरून जात होती.

मी फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"जेवलीस का?" तुम्ही ओरडून विचारलंत.

"अहो, मंडप रिकामा करा."

"काय?"

"ढग चढलाय. तुमच्याकडंच सरकतोय. माणसांना पक्क्या छताखाली न्या."

"हितं चांगलं ऊन पडलंय की गं."

"पडू दे. लोखंडी खांब, वर झुंबरं, त्याखाली माणसं. ऐका माझं."

"अजून अक्षता पडायच्या हायत. नक्की येणार का?"

"शक्यता आहे."

"सुमन, हजारभर माणूस हाय. शक्यता सांगून माणूस उठत न्हाय. हाय का न्हाय ते सांग."

मी पुन्हा त्या घुमटाकडं पाहिलं. खरोखरच मला ते सांगता येत नव्हतं. घुमट उठले आणि पुढच्या चित्रात विरून गेले असे कितीतरी ढग मी पाहिले होते. शेवटी मी म्हणाले, "मी तिथं असते तर उठून गेले असते."

तुम्ही "बरं," म्हणालात आणि फोन ठेवलात.

पुढचं मला पाहुण्यांकडून कळलं, आणि प्रत्येकानं ते आपापल्या परीनं रंगवून सांगितलं. तानाजी फेटा सावरत तुमच्यावर धावूनच आला म्हणे. "दादा, डोस्कं फिरलंय का तुमचं? वैनी तिकडं कळंब्यात बसून हितलं आभाळ बघत्यात व्हय?" तुम्ही म्हणालात, "व्हय. आन् ते न्हाय आलं तर माझ्या नावानं बोंब मार, वर्षभर मार." तो ऐकेना. मग तुम्ही सरळ स्टेजवर चढून भटजींच्या पुढचा माईक उचललात. वादळ, ढग, विजा, यातला एक शब्दसुद्धा काढला नाहीत. "पावणं मंडळी, पंगत हायस्कूलच्या हॉलात बसत्या. पहिल्या पंगतीला जागा थोड्या हायत."

मैदान रिकामं व्हायला फार वेळ लागला नाही. आचारी पातेली घेऊन धावले, बँडवाले मागनं, आणि सगळ्यात शेवटी नवरा-नवरी, मुंडावळ्या हातानं धरून. अक्षता हायस्कूलच्या हॉलात, फळ्यासमोर पडल्या. मंगलाष्टकं संपता संपता बाहेर अंधारून आलं. पुढं गारा, विजा आणि असं वारं की हॉलच्या खिडक्यांची दारं लोकांनी पाठ लावून धरली.

ते ओसरल्यावर सगळे बाहेर आले. मंडप उभा होता. भिजलेला, पण जागच्या जागी. झुंबरंसुद्धा शाबूत. तानाजीनं त्या मंडपाकडं बघितलं, मग तुमच्याकडं बघितलं. स्टेजवर फुलांचं मखर केलं होतं, तिथं लेकीचा फोटो काढायची त्याची हौस होती. फोटोत आता मागे फळा आला होता. त्या दिवसापासून तो तुमच्याशी बोलेनासा झाला.

तुम्ही संध्याकाळी घरी आलात ते चिखलानं माखूनच. चप्पल काढायच्या आधी म्हणालात, "टोर्नेडो." ओढ्याच्या पलीकडं, मंडपापासून थोड्याच अंतरावर, उसात एक पट्टा पडला होता. तुम्ही लग्नाच्या कपड्यांत तो पट्टा टोकापर्यंत चालून आला होतात. एका पोल्ट्रीचे पत्रे उडाले होते, विजेचा एक खांब पिळला होता. माणसाला कुणाला काही झालं नव्हतं. मी तुम्हाला आधी गरम पाणी दिलं आणि मग म्हणाले, "पट्टा पडला म्हणून टोर्नेडो होत नाही. ढगातून थंड वारं खाली आपटतं, तेही ऊस झोपवतं."

"आपाटलेलं वारं भाईरच्या अंगाला पसरतं, तूच शिकवलंयस. हितं ऊस दोन्हीकडनं आत वळलाय."

"सगळीकडं?"

"मधी."

"आणि शेवटी?"

तुम्ही टॉवेल तोंडावर ओढलात. "शेवटी जरा भाईर पसरलाय," टॉवेलामागून आवाज आला.

झालं, तिथून आपलं वर्ष सुरू झालं. दुसऱ्या दिवशी लंगडत मीही तो पट्टा पाहून आले. मग आपण दुसऱ्या एका उपग्रहाच्या मागे लागलो. तो काही दिवसांनी एकदा वरून जातो, पण शेतांचे बांध वेगळे दिसतील इतकं बारीक चित्र काढतो. त्याच्या पहिल्या फेरीला ढग आडवे आले. तुम्ही त्या ढगांना शिव्या दिल्यात. मी म्हटलं, "त्यांच्यावरच घर चाललंय आपलं." पुढच्या फेरीला आभाळ निवळलं आणि हिरव्या उसात फिकट रेघ दिसली, मध्ये किंचित वाकलेली. मी ती मोजली, पुण्याच्या सहकाऱ्यांना दाखवली, त्यांच्यातही दोन मतं पडली. शेवटी माझ्या टिपणात मी लिहिलं, टोर्नेडोची शक्यता नाकारता येत नाही. ते वाक्य तुम्ही आकाशवाणीच्या बातम्यांच्या आवाजात घरभर म्हणत फिरलात. "नाकारता येत न्हाय तर मान्य कर की! वरनं तुला दिसलं न्हाय म्हंजे खाली झालंच न्हाय व्हय?"

"झालं नाही असं मी म्हटलेलंच नाही."

"मग झालं म्हण."

"तेही म्हणता येत नाही."

"आवघड बाई हायस," तुम्ही म्हणायचात, आणि शेंगदाण्याचा लाडू अर्धा मोडून मला द्यायचात.

दिवाळीनंतर तुम्हाला धाप लागायला लागली. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. हृदयाचा स्नायू थकलाय, औषधांनी बरं वाटण्याची शक्यता आहे, असं ते म्हणाले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि इतके हसलात की डॉक्टर गोंधळले. "ह्ये बी तुझ्याच शाळंतलं दिसतंय," तुम्ही म्हणालात. मला वाटलं होतं, तुम्ही त्यांनाही हाय का न्हाय विचाराल. विचारलं नाहीत. बाहेर आल्यावर रिक्षात माझा हात धरून म्हणालात, "काय वाईट न्हाय गं शक्यता. त्यात जागा असत्या." तुमच्या तोंडून हे ऐकून मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी नुसती तुमच्या हातावर हात ठेवून बसले.

त्या जागेत आपण चांगले राहिलो. तलावावर निम्म्या वाटेवरच्या बाकापर्यंत जायचं, तिथं बसून वाद घालायचा, परत यायचं. खायला मीठ कमी आणि बोलायला तिखट, असं तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. आणि एका सकाळी चहा पिऊन तुम्ही पेपर मागितलात. मी दारापर्यंत गेले आणि पेपर घेऊन वळले, तेवढ्यात तुम्ही गेला होतात. चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती. मी बराच वेळ शेजारी बसून राहिले. रडू आलं ते नंतर, माणसं जमल्यावर, त्यांच्या रडण्यानं.

तानाजी आला होता. सगळ्यांच्या मागे उभा राहिला, खांदा मात्र त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही.

आता तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. म्हणजे तुम्हाला ती ठाऊकच असणार, मला नव्हती. दिवस झाल्यावर प्राजक्ता सासरहून एकटीच भेटायला आली. माझ्याबरोबर स्वयंपाकघरात उभी राहून कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "काकी, त्या दिवशी मी उठायला तयार नव्हते. मुहूर्त चुकवून मंडपातनं पळायचं म्हणजे अपशकुन, असं आत्या रडत होती. मग काका मंडपामागच्या नवरीच्या खोलीत आले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझी काकी तीस वरसं ढगाच्या डोक्यावरनं बघत्या. माझ्या म्हाईतीत तिनं आजवर उगंच कुणाला हाक मारलेली न्हाय. आज तिचा आवाज कापत हुता. चल, ऊठ."

मी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली.

"मी म्हटलं, काका, आणि नाहीच आलं तर? तर म्हणाले, न्हाय आलं तर बरंच की. मी शिव्या खातो, तू सुखानं नांद."

घरात तुम्ही माझं एक वाक्य कधी सरळ मान्य केलं नाहीत. चार माणसांत मात्र माझ्या शब्दावर भरला मंडप उठवलात, आणि घरी येऊन मला सांगितलंत काय, तर "टोर्नेडो". आवाज कापत होता हेही तुम्हाला कळलं होतं. मग माझं राहिलेलंही आज सांगून टाकते. 'सुमनला हजार माणसांची काळजी पडली हुती,' असं तुम्ही नंतर ज्याला त्याला सांगत होतात. मी खोडून काढलं नाही. मला त्या हजारांतलं एकच माणूस दिसत होतं, जांभळा फेटा बांधून बँडजवळ उभं असलेलं. बाकीचे त्याच्याबरोबर वाचत होते, इतकंच.

आणि आता कालचं. त्यासाठीच तर लिहायला बसले.

काल तुमच्या गावची, कोडोलीची, जत्रा होती. मला कुणी बोलावलं नव्हतं, दुखवट्याचं वर्ष म्हणून मी विचारलंही नव्हतं. दुपारी चहा ठेवला होता तर फोन वाजला. तानाजी. त्या लग्नानंतर त्यानं मला केलेला हा पहिलाच फोन.

"वैनी, तानाजी बोलतोय." मागे हलगी कडकडत होती, ध्वनिक्षेपकावर कुणीतरी पैलवानांची नावं पुकारत होतं. "कुस्त्यांचं मैदान हाय. पब्लिक लई हाय, बायापोरं बी आल्यात. मावळतीकडं काळं दिसाय लागलंय. तुमच्या त्यात काय दिसतंय?"

मी गॅस बंद केला आणि चित्र उघडलं. ढग होता. ऐरण धरू लागली होती, घुमट अजून नव्हता. आधीच्या चित्राशी ताडून पाहिलं तर माथा झपाट्यानं थंड होत होता. पुढचं चित्र यायला वेळ होता. एरवी अशा वेळी मी तुम्हाला हाक मारली असती, तुम्ही मागे येऊन उभे राहिला असतात, काहीतरी उलटं बोलला असतात आणि त्या उलट्याला उत्तर देता देता माझं मलाच स्पष्ट झालं असतं. काल घर शांत होतं. मी ढगाची वाट पाहिली, वारं पाहिलं, मैदानात असतील त्या बायापोरांचा विचार केला.

"वैनी? माणसं हलवू का?"

"हलवा," मी म्हणाले.

"हलवतो," तो म्हणाला. का, कशावरून, नक्की का, काही विचारलं नाही. फोन तसाच चालू राहिला आणि मला त्याचा आवाज ऐकू आला, माईकवरचा, मोठा, तुमच्या घराण्यातला. "मंडळी, कुस्त्या थांबल्यात! समदी हॉलात चला! वैनीचा निरोप हाय!"

त्यानं पंगतीचं निमित्त केलं नाही. ढगाचं नावही घेतलं नाही. कुठली वैनी, असं एकानंही विचारल्याचं मला ऐकू आलं नाही. हलगी थांबली, मग नुसता पायांचा आवाज, आणि फोन कट झाला.

मी परत चित्राकडं वळले. पुढचं चित्र आलं. घुमट नव्हता. ऐरण नुसती पसरत गेली होती, कडेनं विरळ होत. त्याच्या पुढच्या चित्रात ढगाचे दोन तुकडे झाले आणि ते हातकणंगलेकडं निघून गेले. मी चुकले होते. जत्रेचं मैदान उधळलं होतं, पैलवानांची अंगं थंड पडली असतील, गावात माझ्या नावानं काय काय चाललं असेल, ते सगळं मी मनात ऐकत बसले. तुम्ही असतात तर त्या शिव्या तुम्ही खाल्ल्या असत्या. आता त्या माझ्या मलाच खायच्या होत्या, आणि मी पदर खोचून तयारच होते म्हणा ना.

फोन वाजला. मी उचलला आणि काही बोलायच्या आत पलीकडून तानाजी ओरडला.

"वैनी, काय झालं न्हाय! चार थेंब पडलं आन् ऊन आलं!"

"तानाजी, मला माफ करा, तुमचं मैदान..."

"माफ कशापायी? काय झालं न्हाय म्हणतोय की मी! समदी माणसं हायत. पोरं हॉलात खो-खो खेळाय लागल्यात, भाईर याला तयार न्हाईत." त्याच्या मागे खरंच पोरांचा कल्ला चालला होता, आणि हलगी पुन्हा सुरू झाली होती. "कुस्त्या परत लावल्या. म्हातारी माणसं इचारत्यात, वैनीस्नी इचारा, आता बसू का मैदानात?"

मी चित्राकडं पाहिलं. पन्हाळ्यापासून शिरोळपर्यंत आभाळ मोकळं होतं.

"बसा," मी म्हणाले.

"बसा रं!" तो पलीकडं ओरडला, आणि कितीतरी माणसं एकदम हसली. अहो, एवढ्या आनंदानं आजवर मला कुणी चुकीचं ठरवलेलं नाही.